वारशाने आलेले उमरावपद नाकारता येते का? स्टॅन्सगेट प्रकरणाचा अभ्यास

१७ नोव्हेंबर १९६० रोजी पहिले व्हायकाउंट स्टॅन्सगेट वारले आणि ब्रिस्टल साउथ-ईस्ट मतदारसंघाची ब्रिटनच्या कॉमन्स सभेतली (कनिष्ठ सभागृहातली) जागा त्याच क्षणी धोक्यात आली. तिथले मजूर पक्षाचे खासदार अँथनी वेजवुड बेन हे त्यांचे हयात मुलांतले थोरले चिरंजीव. पुढे सगळे त्यांना टोनी बेन म्हणू लागले. ते दहा वर्षे त्या जागेवरून निवडून येत होते. गुन्हा नाही, दिवाळखोरी नाही, राजीनामा नाही. वडील गेले म्हणून ते उमराव झाले, आणि उमरावाला कॉमन्समध्ये बसता येत नाही, एवढेच कारण. किताब त्यांना नको होता, पण तो नाकारण्याची सोयच कायद्यात नव्हती. ते कॉमन्समध्ये परतेपर्यंत पावणेतीन वर्षे गेली. त्या काळात दोन पोटनिवडणुका, एक निवडणूक याचिका आणि एक नवा कायदा झाला. त्या कायद्याच्या एका कलमाने पुढे पंतप्रधान कोण होणार हेही बदलले.

हे प्रकरण समजायला एक गोष्ट पक्की धरून ठेवावी लागते. ब्रिटिश उमरावपद ते धारण करणाऱ्याच्या मालकीचे नसते. ते वंशावर चढवलेले असते. पुढचे सगळे निकाल याच एका मुद्द्यातून निघाले आहेत.

कोणता किताब, कशाने मिळालेला

आपल्याकडे ‘सर’ आणि ‘लॉर्ड’ सर्रास एकाच रांगेत बसवले जातात. नाइटहुडची ‘सर’ ही पदवी व्यक्तीपुरती असते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ‘सर’ झाले, त्यांच्यानंतर त्यांच्या घरात ती पदवी चालली नाही. बॅरोनेटचे ‘सर’ मात्र वारशाने चालते. मुंबईच्या जमशेदजी जीजीभॉय यांना १८५७ मध्ये ते मिळाले आणि पुढचा प्रत्येक वारस किताबाबरोबर तेच नाव घेत आला. पण नाइट काय किंवा बॅरोनेट काय, दोघेही कायद्याच्या नजरेत सामान्य प्रजाजनच. त्यांना कॉमन्सची निवडणूक लढवता येते. उमराव म्हणजे वरच्या पाच पायऱ्यांवरचे लोक: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. १९६० मध्ये यांतल्या बहुतेकांना लॉर्ड्स सभेत (वरिष्ठ सभागृहात) बसायचा हक्क होता आणि कॉमन्समध्ये बसायला मनाई होती. आयरिश उमराव तेवढे वेगळे, त्यांचा उल्लेख पुढे येतो.

बेन यांचे वडील विल्यम वेजवुड बेन हे भारतीय वाचकाला अगदीच अनोळखी नाहीत. १९२९ ते १९३१ या काळात ते भारतमंत्री होते. ऑक्टोबर १९२९ मध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांनी वसाहतीच्या स्वराज्याची घोषणा केली, पहिली गोलमेज परिषद भरली, मिठाचा सत्याग्रह झाला, हे सगळे त्यांच्या कारकिर्दीत. दुसऱ्या महायुद्धात लॉर्ड्स सभेत मजूर पक्षाची माणसे फार थोडी होती. ती वाढवायची म्हणून जानेवारी १९४२ मध्ये त्यांना एसेक्समधल्या स्टॅन्सगेटच्या नावाने व्हायकाउंट करण्यात आले. तहहयात उमरावपद देण्याची सोय तेव्हा नव्हती, ती १९५८ च्या कायद्याने आली. न्यायाधीश उमराव आणि बिशप सोडले, तर लॉर्ड्समध्ये माणूस पाठवायचा म्हणजे त्याच्या वंशजांनाही पाठवायचे, एवढाच मार्ग होता. वारशाच्या तत्त्वालाच विरोध असलेल्या पक्षाने आपला माणूस वारशाच्या दारातून आत ढकलला. गरज होती, पर्याय नव्हता. दोष द्यायचाच तर तो व्यवस्थेला द्यावा लागेल.

किताब देताना थोरला मुलगा मायकेल याला विचारले होते. त्याला धर्मोपदेशक व्हायचे होते, त्यामुळे लॉर्ड्सची त्याला अडचण नव्हती. धाकट्या अँथनीला कोणी विचारले नाही, विचारायचे कारणही नव्हते. जून १९४४ मध्ये हवाई दलात असलेला मायकेल मरण पावला आणि वारसाहक्क अँथनीकडे सरकला. सनदेतले शब्द ठरलेले असतात: हा किताब धारकाला आणि ‘त्याच्या देहापासून झालेल्या पुरुष वारसांना’. म्हणजे वारसाला किताब बापाकडून मिळत नाही, राजाच्या सनदेकडून मिळतो, आणि त्याची संमती कोठेच विचारलेली नसते. १८७४ च्या मुंबई वतन कायद्यात वतनदाराला स्वतःच्या हयातीपलीकडे वतन परक्याच्या हवाली करता येत नसे, कारण पुढच्या पिढीचा हक्क त्याच्या हातात नव्हता. उमरावपदाची घडण तशीच आहे.

आधीच्या तीन वाटा आणि त्या का बंद होत्या

बेन १९५० च्या नोव्हेंबरात पंचविसाव्या वर्षी ब्रिस्टलमधून निवडून आले. क्रिप्स शिष्टाईमुळे आपल्याला माहीत असलेले स्टॅफर्ड क्रिप्स यांच्या राजीनाम्याने ती जागा रिकामी झाली होती. वडिलांचे वय लक्षात घेता एक दिवस काय होणार हे बेन यांना स्वच्छ दिसत होते. म्हणून वडील हयात असतानाच त्यांनी हालचाल सुरू केली.

पहिली वाट राजाला किताब परत करण्याची. ती सतराव्या शतकातच बंद झाली होती. १६७८ च्या पर्बेक प्रकरणात लॉर्ड्स सभेने ठराव केला की उमरावाने आपला किताब राजाच्या स्वाधीन केला, तरी वारसांचा हक्क तुटत नाही. तर्क वर सांगितलेलाच: जे आपले नाही ते परत कसे करणार?

दुसरी वाट म्हणजे लॉर्ड्सचे समन्स, म्हणजे सभागृहात येऊन बसण्याचे बोलावणे, न मागणे. वारसाला लॉर्ड्समध्ये बसायचे असेल तर स्वतःचा जन्मदाखला, आईवडिलांचा विवाहदाखला आणि मूळ सनदेचा आधार देऊन लॉर्ड चॅन्सेलर या मंत्र्याकडे समन्ससाठी अर्ज करावा लागे. मग अर्जच केला नाही तर? हा युक्तिवाद १८९५ मध्ये वापरून झाला होता. व्हायकाउंट वुल्मर, जॉर्ज कर्झन आणि सेंट जॉन ब्रॉड्रिक हे तिघे तरुण खासदार, तिघेही उमरावांचे वारस. १८९४ मध्ये त्यांनी वारस खासदारांना कॉमन्समध्येच राहू द्यावे असे विधेयक आणले, ते पुढे गेले नाही. पुढच्याच वर्षी वुल्मर यांचे वडील अर्ल ऑफ सेलबोर्न वारले. वुल्मर यांनी समन्स न मागता कॉमन्समध्ये बसून पाहिले. निवड समितीने सांगितले की समन्स आले की नाही याला महत्त्व नाही, अर्लपद वारशाने आले की जागा रिकामी. याच तिघांतले कर्झन पुढे भारताचे व्हाइसरॉय झाले आणि ब्रॉड्रिक भारतमंत्री. दोघांचे भांडण जगजाहीर आहे, पण या एका प्रश्नावर दोघे एका बाजूला होते. कर्झन यांनी स्वतःपुरती पळवाटही काढली. १८९८ मध्ये भारतात येण्यापूर्वी किताब घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी आयरिश उमरावपद घेतले, कारण आयरिश उमरावाला ब्रिटनमधल्या मतदारसंघातून कॉमन्सची निवडणूक लढवता येत असे. त्यानंतर नवे आयरिश उमरावपद कोणालाच दिले गेले नाही.

तिसरी वाट कायदा करून घेण्याची. १९५५ मध्ये बेन यांनी एका व्यक्तीपुरते खासगी विधेयक मागितले आणि लॉर्ड्सच्या समितीसमोर स्वतः उभे राहिले. समितीने ते फेटाळले. तिचे म्हणणे असे की हा एका माणसाचा प्रश्न नाही, सगळ्या उमराववर्गाचा कायदा बदलण्याचा आहे, तो खासगी विधेयकाने होणार नाही. मग वडिलांनी स्वतः लॉर्ड्समध्ये सार्वजनिक विधेयक मांडले. ते पडले. विन्स्टन चर्चिल यांनी बेन यांना लिहिलेल्या पत्रात मात्र अशी मुभा असावी असे आपले व्यक्तिगत मत असल्याचे कळवले. हुजूर पक्षाच्या सर्वांत मोठ्या नावाचा हा कागद पुढे बेन यांना फार उपयोगी पडला.

इथे एक विसंगती नजरेत भरते. कॉमन्सच्या खासदारालाही सरळ राजीनामा देता येत नाही, हा सतराव्या शतकापासूनचा दंडक. पण त्याच्यासाठी युक्ती काढलेली आहे. चिल्टर्न हंड्रेड्स किंवा नॉर्थस्टेड मॅनर या नावापुरत्या सरकारी पदावर त्याला नेमले की तो अपात्र होतो आणि जागा रिकामी होते. उमरावासाठी अशी युक्ती कधीच कोणी काढली नाही. उमरावपद सोडावेसे वाटेल असा माणूस असेल, हेच कोणाच्या डोक्यात आले नसावे.

१९६१: निवडून आले, तरी बाहेर

वडील गेल्यावर बेन यांनी किताब-त्यागाचा दस्तऐवज करून ठेवला. सभापती सर हॅरी हिल्टन-फॉस्टर यांनी त्यांना सभागृहात येण्यास मनाई केली. प्रकरण कॉमन्सच्या विशेषाधिकार समितीकडे गेले. मार्च १९६१ मध्ये समितीने अहवाल दिला: बेन वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी व्हायकाउंट झाले, त्यागाच्या दस्तऐवजाला कायद्यात काही किंमत नाही, जागा रिकामी आहे. सभागृहाने अहवाल मान्य केला आणि पोटनिवडणूक लागली.

बेन यांनी पुन्हा अर्ज भरला. अर्ज छाननीत टिकला. त्यांच्यासमोर हुजूर पक्षाचे माल्कम सेंट क्लेअर होते. गंमत अशी की सेंट क्लेअर स्वतःच त्यांच्या चुलतभावाच्या, लॉर्ड सिंक्लेअर यांच्या, किताबाचे वारस होते. हुजूर पक्षाने मतदान केंद्रांवर सूचना लावल्या: बेन हे उमराव असल्याने अपात्र आहेत, त्यांना दिलेले मत वाया जाईल. ४ मे १९६१ रोजी मतदान झाले. बेन यांना २३,२७५ मते पडली, सेंट क्लेअर यांना १०,२३१. मताधिक्य १३,०४४, म्हणजे १९५९ च्या सार्वत्रिक निवडणुकीतल्या मताधिक्याच्या दुपटीहून जास्त. ८ मे रोजी बेन कॉमन्सच्या दाराशी गेले आणि सभापतींच्या हुकमावरून द्वारपालाने त्यांना अडवले.

ती सूचना वरवर प्रचाराची चाल वाटते. खरे तर तिच्यावरच पुढचा सगळा खटला उभा राहिला. इंग्लिश निवडणूक कायद्यात दोन वेगळे परिणाम आहेत. निवडून आलेला उमेदवार अपात्र ठरला आणि मतदारांना अपात्रतेचे कारण माहीत नव्हते, तर निवडणूक रद्द होऊन पुन्हा मतदान होते. पण ते कारण माहीत असूनही मतदारांनी त्यालाच मते दिली असतील, तर ती मते फेकलेली धरतात आणि पुढचा उमेदवार विजयी होतो. माहिती हवी ती वस्तुस्थितीची. कायदा तर सगळ्यांना माहीत असतो असेच धरले जाते. त्यामुळे केंद्रावरची सूचना म्हणजे पुढच्या याचिकेतला पुरावा होता. बेन यांची कोंडी इथे होती: आपण अपात्र का ठरवले जातो आहोत हाच त्यांच्या प्रचाराचा मुद्दा होता. ते जितके स्पष्ट बोलत, तितके ‘मतदारांना माहीत होते’ हे पक्के होत जाई. गप्प राहावे तर लढायचे कशासाठी?

सेंट क्लेअर यांनी निवडणूक याचिका केली. निवडणूक न्यायालयाचे दोन न्यायाधीश, गॉर्मन आणि मॅकनेअर, यांच्यापुढे जुलै १९६१ मध्ये सुनावणी झाली. बेन यांनी वकील न करता स्वतःच बाजू मांडली. त्यांचा मुख्य मुद्दा समन्सचा होता: उमरावाला कॉमन्सची बंदी आहे ती त्याला लॉर्ड्समध्ये कर्तव्य असते म्हणून, ते कर्तव्य समन्सने सुरू होते, आणि समन्स मी मागितलेलेच नाही. न्यायाधीशांनी त्यांच्या मांडणीची तारीफ केली आणि निकाल विरुद्ध दिला. अपात्रता दर्जातून येते, दर्जा वारशातून येतो आणि वारसा मृत्यूच्या क्षणी उघडतो. त्यात समन्स कोठेच बसत नाही. २८ जुलै १९६१ रोजी सेंट क्लेअर यांना विजयी घोषित करण्यात आले. मतदारसंघाने दुपटीहून जास्त मतांनी नाकारलेला उमेदवार त्याच मतदारसंघाचा खासदार झाला. याचिकेचा खर्चही बेन यांच्या माथी आला.

कायद्याच्या कसोटीवर निकाल चुकला असे म्हणता येत नाही. त्या वेळच्या नियमांत दुसरे उत्तर नव्हतेच. पण राजकीयदृष्ट्या हा विजय हुजूर पक्षाला महाग पडला. एका खासदाराची अडचण आता देशभराचा प्रश्न झाली. सेंट क्लेअर यांनाही ते कळत होते. बेन कायद्याने पात्र झाले तर आपण जागा सोडू, असा शब्द त्यांनी दिला. तो त्यांनी पाळला, हेही इथे नोंदवायला हवे.

१९६३ चा पिअरेज (उमरावपद) कायदा: एका तारखेचा फरक

हॅरल्ड मॅकमिलन यांच्या सरकारने दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली. डिसेंबर १९६२ मध्ये तिने वारसाला किताब नाकारण्याची मुभा द्यावी अशी शिफारस केली. १९६३ च्या उन्हाळ्यात विधेयक आले. सरकारच्या मसुद्यात ही मुभा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपासून लागू होणार होती. लॉर्ड्स सभेने जुलैमध्ये दुरुस्ती करून ती कायद्याला राजमान्यता मिळताच लागू केली. सरकारने ती स्वीकारली.

ही दुरुस्ती झाली नसती, तर त्या वर्षीचे ब्रिटिश राजकारण वेगळे झाले असते. ऑक्टोबर १९६३ मध्ये मॅकमिलन यांनी आजारपणामुळे राजीनामा दिला. त्यांच्या जागी ज्यांची नावे चर्चेत होती, त्यांतले दोघे उमराव: परराष्ट्रमंत्री अर्ल ऑफ होम आणि व्हायकाउंट हेलशॅम. हेलशॅम यांना तर हा प्रश्न १९५० पासून सलत होता. वडील वारल्यावर त्यांनाही कॉमन्समधून उठावे लागले होते. तेव्हा त्यांनी पंतप्रधान ॲटली यांच्याकडे कायदा बदलायची मागणी केली होती, ती मान्य झाली नाही. आता दोघांनाही वाट मोकळी होती. पंतप्रधानपद होम यांच्याकडे गेले. १९ ऑक्टोबरला ते पंतप्रधान झाले, २३ तारखेला त्यांनी अर्लपद आणि बाकीचे किताब सोडले आणि सर अलेक डग्लस-होम या नावाने ७ नोव्हेंबरला किनरॉस अँड वेस्टर्न पर्थशायरची पोटनिवडणूक जिंकली. मधले पंधरा दिवस ब्रिटनचा पंतप्रधान दोन्हींपैकी एकाही सभागृहाचा सभासद नव्हता. त्यासाठी संसदेचे अधिवेशन १२ नोव्हेंबरवर ढकलले. हेलशॅम यांनी नोव्हेंबरात किताब सोडला आणि क्विंटिन हॉग म्हणून कॉमन्समध्ये आले. मजूर पक्षाच्या एका बंडखोराने चालवलेल्या लढ्याचा पहिला मोठा लाभ हुजूर पक्षाच्या पंतप्रधानाला झाला. इतिहासात असे होते, त्यात बेन यांचा दोष नाही.

बेन मात्र सर्वांच्या आधी. ३१ जुलै १९६३ रोजी संध्याकाळी राजमान्यता झाली आणि ६ वाजून २२ मिनिटांनी त्यांचा त्याग नोंदला गेला. या कायद्याखाली किताब सोडणारे ते पहिले. सेंट क्लेअर यांनी नॉर्थस्टेड मॅनरचे पद घेऊन जागा रिकामी केली. २० ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत हुजूर पक्षाने उमेदवारच दिला नाही. बेन २०,३१३ मते घेऊन निवडून आले.

त्याग कसा करायचा, आणि कुठे फसतो

प्रक्रिया कागदावर छोटी आहे. वारसाने कायद्याच्या परिशिष्टातल्या नमुन्याप्रमाणे त्यागपत्र करून ते लॉर्ड चॅन्सेलरकडे पोहोचवायचे. ते पोहोचले की किताब सुटला. लॉर्ड चॅन्सेलर नोंदवहीत नोंद करतात आणि दाखला देतात. राणीची किंवा राजाची परवानगी लागत नाही, कारणही सांगावे लागत नाही. अडचण येते ती मुदतीची.

साध्या वारसाला किताब आल्यापासून बारा महिने मिळतात. वारस अज्ञान असेल तर मूळ कायद्याप्रमाणे एकविसावे वर्ष पूर्ण झाल्यापासून बारा महिने. कायदा होण्यापूर्वीच ज्यांना वारसा मिळाला होता, त्यांना कायद्याच्या तारखेपासून बारा महिने दिले. व्हायकाउंट हिंचिंगब्रुक हे जून १९६२ मध्ये अर्ल ऑफ सँडविच झाले आणि त्यांची कॉमन्सची जागा गेली. त्यांनी किताब सोडला तो २४ जुलै १९६४ रोजी, म्हणजे मुदत संपायला आठवडा उरला असताना.

खासदाराला मात्र, १९९९ पर्यंत, एकच महिना मिळे. त्या महिन्यात तो अपात्र धरला जात नसे, पण सभागृहात बसता येत नसे आणि मतही देता येत नसे. महिना उलटून गेला की जागा गेली. उमेदवार असताना वारसा आला आणि तो निवडून आला, तरी महिनाच मिळे. लॉर्ड लॅम्बटन यांना ४ फेब्रुवारी १९७० रोजी ड्यूरहॅमचे अर्लपद आले, २३ तारखेला त्यांनी ते सोडले. पुढे त्यांनी ‘लॉर्ड लॅम्बटन’ हेच नाव चालू ठेवले. ते अर्लच्या वारसाला शिष्टाचाराने मिळणारे नाव आहे. अर्लपद सोडल्यावर वारस म्हणून मिळालेले नाव उरते का, यावरून बरीच कुरबूर झाली. सभागृहात ते वापरू द्यायचे की नाही हे ठरवणे शेवटी सभापतींवर आले, आणि त्यांनी ते चालवून घेतले. त्यागपत्राच्या मसुद्यात या प्रश्नाला जागाच नाही.

तिसरा सापळा समन्सचा. कायदा झाल्यानंतर वारसा आला आणि लॉर्ड्ससाठी समन्सचा अर्ज केला, की त्यागाचा हक्क संपला. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही. होम आणि हेलशॅम लॉर्ड्समध्ये वर्षानुवर्षे बसले होते, तरी त्यांना सोडता आले, कारण त्यांचा वारसा कायद्याच्या आधीचा होता.

आणखी काही गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. हा कायदा फक्त वारसांसाठी आहे. स्वतःला किताब मिळालेल्या पहिल्या धारकाला तो लागू नाही, त्याने तो घेऊच नये. त्याग फक्त उमरावपदाचा होतो, बॅरोनेटपदाचा होत नाही. वृत्तपत्रमालक लॉर्ड बीव्हरब्रुक ९ जून १९६४ रोजी वारले. मुलगा मॅक्स एटकन यांनी दोनच दिवसांत बॅरनपद सोडले, पण वडिलांचे बॅरोनेटपद त्यांच्याकडे राहिले आणि ते सर मॅक्स एटकन झाले. त्याग केल्यावर पत्नीचाही किताब जातो. मालमत्तेच्या हक्काला धक्का लागत नाही. एकदा केलेला त्याग मागे घेता येत नाही आणि त्या माणसाला पुन्हा वारसा चालणारे उमरावपद देता येत नाही. तहहयात उमरावपद मात्र चालते. १९७० मध्ये क्विंटिन हॉग त्या मार्गाने लॉर्ड्समध्ये परतले, तेही थेट लॉर्ड चॅन्सेलर म्हणून. म्हणजे ज्याने स्वतः त्यागपत्र दिले होते, त्याच्याच टेबलावर दुसऱ्यांची त्यागपत्रे येऊ लागली. होम १९७४ मध्ये तसेच परतले.

किताब मरत नाही

कायद्याने त्याग ‘हयातीपुरता’ ठेवला. पर्बेक प्रकरणाचा तर्क इथेही मोडला नाही. त्याग करणारा बाजूला होतो, पण किताब लगेच मुलाकडे जात नाही. तो थांबून राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर सनदेतल्या क्रमाने पुढे जातो. धाकट्याला पुढे ढकलणे, मुलीला देणे, कायमचा मिटवणे, यातले काहीच शक्य नाही. सिल्किन घराण्याचे बॅरनपद तर लागोपाठ दोन वारसांनी सोडले, एकदा १९७२ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये. पुढच्या वारसाचा हक्क तरीही शाबूत राहिला.

१४ मार्च २०१४ रोजी टोनी बेन वारले आणि थोरले चिरंजीव स्टीफन तिसरे व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाले. त्यांनी किताब नाकारला नाही. तोवर नियमही बदलले होते. १९९९ च्या कायद्याने ९२ जण सोडून बाकीच्या वंशपरंपरागत उमरावांना लॉर्ड्समधून काढले आणि त्याच वेळी त्यांच्यासाठी कॉमन्सचे दार उघडले. २००१ च्या निवडणुकीत व्हायकाउंट थर्सो आपला किताब ठेवूनच स्कॉटलंडमधून कॉमन्सवर निवडून आले. त्याच वर्षी क्विंटिन हॉग वारले. त्यांनी ३८ वर्षांपूर्वी सोडलेले हेलशॅमचे व्हायकाउंटपद मुलगा डग्लस हॉग यांच्याकडे आले, आणि डग्लस हॉग ते घेऊन २०१० पर्यंत कॉमन्समध्ये खासदार म्हणून बसले. वडिलांना जे करायला नवा कायदा लागला, ते मुलाला अर्जही न करता मिळाले.

लॉर्ड्समधल्या त्या राखीव जागांसाठी उमरावांच्याच आपापसांत पोटनिवडणुका होत. मजूर पक्षाच्या वाट्याची जागा रिकामी झाली तेव्हा, जुलै २०२१ मध्ये, स्टीफन बेन अशाच एका पोटनिवडणुकीतून व्हायकाउंट स्टॅन्सगेट म्हणून लॉर्ड्समध्ये गेले. त्यांचे धाकटे भाऊ हिलरी बेन तेव्हा लीड्सचे मजूर खासदार म्हणून कॉमन्समध्ये होतेच.